सौम्य चिरूट

सौम्य चिरूट : तंबाखूच्या अखंड पानांची गुंडाळी करून तयार केलेल्या चिरुटाचा मंद चवीचा व उंची समजला जाणारा प्रकार. सिगारेटमध्ये बारीक कापलेली तंबाखू कागदात भरलेली असते, विडीत ती टेंभुर्णीच्या किंवा आपट्याच्या पानात वळलेली असते. चिरुटात मात्र आतील भरण, त्यावरील बंधनाचे पान आणि सर्वांत बाहेरचे वेष्टनाचे पान ही तिन्ही तंबाखूचीच असतात. हाताने वळलेल्या उंची चिरुटात भरणाची पाने लांबच्या लांब घातलेली असतात. स्वस्त, यंत्रावर केलेल्या चिरुटात तुकडे व चुरा भरतात. सौम्य हे विशेषण मुख्यतः चवीचे व धुराच्या तिखटपणाचे निदर्शक आहे. ते अपायाच्या प्रमाणाचे निदर्शक आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज असून त्याचा विचार पुढे केला आहे.

चिरूट हा शब्द मूळ तमिळ असून ‘चुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी वा वळकटी. पोर्तुगीजांनी तो ‘शारूतो’ या रूपात आणि इंग्रजांनी ‘शेरूट’ या रूपात स्वीकारला. इंग्रजीत या नावाने सामान्यतः दोन्ही टोके कापलेला, सरळ दंडगोल प्रकार ओळखला जातो आणि एक टोक मिटलेल्या प्रकाराला सिगार म्हणतात. मराठीत हा भेद फारसा पाळला जात नाही. दोहोंनाही चिरूट म्हणण्याची रीत आहे.

इतिहास : नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात पाठविलेल्या लूईस दे तोर्रेस आणि रोद्रिगो दे हेरेझ या दोघांनी तेथील लोक पेटत्या पानांच्या गुंडाळ्या ओढीत असल्याचे पाहिले. यूरोपीयांच्या लेखी चिरुटाची पहिली नोंद ती हीच. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेन व पोर्तुगाल यांच्या व्यापारामार्गे तंबाखू जगभर पसरली. भारतात ती पोर्तुगीजांच्या द्वारे पश्चिम किनाऱ्यावर आली. १६०४ च्या सुमारास असदबेग या मोगल अधिकाऱ्याने विजापूरहून तंबाखू व चिलमीचा सरंजाम आणून अकबरापुढे ठेवला आणि १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली, यावरून या वनस्पतीच्या प्रसाराचा वेग ध्यानात येतो. उत्तर भारतात व दख्खनेत हुक्का आणि चिलीम रूढ झाली. दक्षिणेत मात्र गुंडाळीचा प्रकार रुजला. इंग्लंडमध्ये चिरूट ओढण्याची प्रथा स्पेनमधील युद्धाहून (१८०८–१४) परतलेल्या सैनिकांमुळे बळावली. एकोणिसाव्या शतकात तिरुचिरापल्ली, तेथील उरैयूर हा भाग आणि दिंडुक्कल ही चिरुटांची नावाजलेली केंद्रे होती व त्यांचा माल इंग्लंडपर्यंत जाई. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८८७ मधील पहिल्या होम्सकथेत गुन्हेगाराचा माग काढताना त्रिचनापल्लीच्या चिरुटाची राख उपयोगी पडते. वाचकाला ते नाव परिचित असणार हे लेखकाने गृहीत धरले होते.

निर्मिती : चिरुटाची चव मुख्यत्वे तीन गोष्टींवर ठरते : पान झाडाच्या कोणत्या भागातले आहे, ते कसे मुरविले आहे आणि वेष्टनासाठी कोणते पान वापरले आहे. झाडाच्या तळाकडील पाने पातळ, मंद चवीची व चांगली जळणारी असतात. शेंड्याकडील पानांना ऊन अधिक मिळते. ती जाड, तेलकट व तीव्र असून त्यांत निकोटिनाचे प्रमाणही अधिक असते. सौम्य चिरुटाच्या भरणात तळाच्या व मधल्या पानांचा भाग अधिक ठेवतात आणि शेंड्याचे पान अगदी थोडे घालतात किंवा मुळीच घालीत नाहीत.

खुडलेली पाने हवेशीर कोठारांत दांड्यांना टांगून सहा ते आठ आठवडे वाळवितात. या काळात हिरवा रंग जाऊन पिवळा व पुढे तपकिरी रंग येतो आणि पानातील पिष्ट व शर्करा बव्हंशी नाहीशा होतात. सिगारेटची तंबाखू बंद कोठीत कृत्रिम उष्णतेने झटपट वाळवितात. त्यामुळे तिच्यात शर्करा टिकून राहते. हा भेद किरकोळ वाटला, तरी दोन्ही धुरांच्या गुणधर्मांतील फरकाचे मूळ येथेच आहे.

नंतर पाने किंचित ओलावून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता निर्माण होते व तापमान ४०° ते ६०° से.पर्यंत चढते. ते फार वाढू नये म्हणून ढीग वरचेवर मोडून पुन्हा रचतात. शेतकऱ्याला परिचित असलेल्या, ओलसर गवताची गंजी आतून तापण्याच्या प्रकाराशी याचे साम्य आहे. मात्र येथे ती उष्णता बेताने राखलेली असते. या आंबवणाच्या क्रियेत अमोनिया बाहेर पडतो, निकोटिनाचा काही अंश जातो आणि पानाचा कच्चा, झोंबणारा वास ओसरतो. उंची चिरुटाचे पान पुढे महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे, मुरत ठेवतात. धुरातील मऊपणा हा बऱ्याच अंशी या वेळखाऊ प्रक्रियेचा परिणाम होय.

वेष्टनाचे पान हे सर्वांत महाग. ते पातळ, लवचिक, बिनडागाचे व एकसारख्या रंगाचे लागते. एवढेसे छिद्रही चालत नाही. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांताचा व्वेल्ता अबाहो हा भाग चिरुटाच्या सर्व प्रकारच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. सौम्य चिरुटांसाठी मात्र अमेरिकेच्या कनेटिकट खोऱ्यातील फिकट तपकिरी पान विशेष वापरले जाते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून शेतावर कापडाचे मांडव घालून, सावलीत हे पीक घेण्याची पद्धत रूढ झाली. सावलीमुळे पान पातळ राहते, शिरा नाजूक होतात व चव मंद येते. भारतात उत्तर बंगालमधील कूचबिहारच्या परिसरात ‘जाती’ नावाची वेष्टनाची तंबाखू होते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या पात्रातील बेटांवर, पूर ओसरल्यावरच्या गाळात, ‘लंका’ तंबाखू पिकते. ती तिखट असून तेथील जाड चिरुटांत वापरतात. १९४७ मध्ये राजमहेंद्री येथे स्थापन झालेल्या मध्यवर्ती तंबाखू संशोधन संस्थेचे एक केंद्र तमिळनाडूत वेदसंदूर येथे असून तेथे चिरुटाच्या व खाण्याच्या तंबाखूवर काम झाले आहे.

जमिनीतील क्षारांचाही येथे संबंध येतो. पानातील पोटॅशियम ज्वलनास साहाय्य करते, तर क्लोरीन ते रोखते. मिठाचा अंश असलेल्या जमिनीत वाढलेले पान पेटत नाही, पेटलेच तर विझते. त्यामुळे खारवट पाण्यावर खाण्याची तंबाखू घेता येते, पण चिरुटाची नाही.

वळणारा कारागीर भरणाची पाने तळहातावर पंख्यासारखी मिटून एकत्र करतो. ती फार दाबली तर धूर ओढता येत नाही. सैल राहिली तर चिरूट झपाट्याने जळून धूर गरम होतो. त्यावर बंधनाचे पान गुंडाळून हा गाभा लाकडी साच्यात काही काळ दाबून ठेवतात. शेवटी अर्धगोल पात्याने कापलेले वेष्टनाचे पान तिरपे गुंडाळीत नेऊन डोक्याशी वनस्पतिज डिंकाने चिकटवितात. दिवसभर हात गुंतलेले आणि कान मोकळे अशा या कामात १८६५ पासून क्यूबाच्या कारखान्यांतून एक प्रथा सुरू झाली : उंच आसनावर बसलेला वाचक कामगारांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी आणि त्याचे वेतन कामगार वर्गणी काढून देत. ही प्रथा अद्यापि चालू आहे. महाराष्ट्रातील विडी कारखान्यांत आढळणारी, वळता वळता गाणी म्हणण्याची चाल हिच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे.

आस्वाद : चिरूट ओढण्याची रीत सिगारेटहून मुळातच वेगळी आहे. मिटलेले टोक धारदार कात्रीने थोडेसे कापतात. अधिक कापल्यास वेष्टन उलगडते. दुसरे टोक ज्योतीत न बुडविता तिच्या किंचित वर धरून फिरवीत शेकतात व कडा सर्वत्र सारखी लाल झाली की मग ओढतात. त्यासाठी लांब काडी किंवा देवदाराची ढलपी वापरतात, कारण रॉकेलच्या वा मेणाच्या ज्योतीचा वास पहिल्या धुरात उतरतो. धूर तोंडात घोळवून सोडून द्यावयाचा असतो, छातीत घ्यावयाचा नसतो. मिनिटाला एकाहून अधिक झुरके घेतल्यास जळते टोक तापून धूर कडवट होतो. फारच सावकाश ओढल्यास चिरूट विझतो. सुमारे १२७ मिमी. लांबीचा व २० मिमी. जाडीचा मध्यम आकाराचा चिरूट पाऊण ते एक तास पुरतो.

सौम्य चिरुटाच्या पहिल्या भागात धूर जवळजवळ गोडसर व कोरडा भासतो. जाणकार त्याचे वर्णन वाळलेले गवत, देवदाराचे लाकूड, भाजलेले शेंगदाणे, दुधाची साय अशा शब्दांनी करतात. हे शब्द रूपकात्मक होत. पानात यांपैकी कशाचेही मिश्रण केलेले नसते. जिभेला कळणाऱ्या चवी मोजक्याच असून बाकीचा सर्व अनुभव नाकाचा असतो, म्हणून काही जण धुराचा थोडासा भाग नाकावाटे सोडतात. मध्यभागी आल्यावर चव स्थिरावते. शेवटच्या तिसऱ्या भागात मात्र सौम्य चिरूटही तिखट व कडू होऊ लागतो. जळणाऱ्या टोकाकडून आलेली आर्द्रता, डांबरसदृश द्रव्ये व निकोटीन ही पुढील पानांत साठत जातात आणि उरलेले थोटूक हे त्यांचे गाळणपात्र झालेले असते. त्यामुळे अनुभवी माणूस ते दोन बोटे उरले असताना टाकून देतो. न विझविता ते तसेच ठेवले तर आपोआप थंड होते. चिरडल्यास खोलीत दुर्गंधी पसरते. लांब पानांच्या भरणाची राख घट्ट व करडी-पांढरी असून बोटभर लांबीपर्यंत न पडता टिकते. तुकड्यांच्या भरणाची राख लगेच झडते. राखेवरून चिरुटाची परीक्षा करण्याचा प्रघात या एका बाबतीत सार्थ आहे. पांढऱ्या राखेचा चिरूट सौम्यच असतो हा समज मात्र निराधार आहे, कारण राखेचा रंग जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्यावर अवलंबून असतो.

नवख्या माणसाला सौम्य चिरूट ओढतानाही बहुधा अर्ध्या तासाने घाम येणे, मळमळणे, भोवळ येणे असा त्रास होतो. रिकाम्या पोटी तो अधिक होतो. ही निकोटिनाची विषबाधाच होय, मग तिला कोणी कैफ म्हणो की आणखी काही.

सौम्यपणाचा अर्थ : आंबवलेल्या तंबाखूत शर्करा नसल्याने चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो; सिगारेटचा धूर किंचित अम्लधर्मी असतो. अल्कधर्मी धुरातील निकोटीन मुक्त स्वरूपात असल्यामुळे ते तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतूनच रक्तात शिरते. म्हणून धूर छातीत न घेताही चिरुटाची तलफ भागते आणि व्यसनही लागते. हाच धूर छातीत ओढण्यास झोंबतो, हे चिरूट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळण्याचे कारण आहे. परंतु जो मुळात सिगारेट ओढीत होता तो चिरुटाकडे वळला, तरी धूर गिळण्याची सवय बहुधा सोडीत नाही व त्याला हा लाभ मिळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये चिरुटावर एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. मोठ्या चिरुटातील तंबाखू सिगारेटच्या एका संपूर्ण पाकिटाइतकी भरू शकते आणि अनेक चिरुटांत १०० ते २०० मिग्रॅ. निकोटीन असते, सिगारेटमध्ये ते सरासरीने ८ मिग्रॅ.च्या आसपास असते. मुख, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगांच्या बाबतीत नियमित चिरूट ओढणाऱ्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्याच्या तोडीचा असतो. वेष्टनाचे पान कागदाइतके सच्छिद्र नसल्याने ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड अधिक निर्माण होतो. हवेत वाळवून आंबवलेल्या पानांत नायट्रेटे अधिक असल्याने कर्करोगजनक नायट्रोसमाइनेही अधिक आढळतात. म्हणजे ज्या आंबवणाने धुराला मऊपणा येतो, तेच या द्रव्यांच्या वाढीला अंशतः कारण होते. तळाची पाने वापरल्याने निकोटीन काहीसे कमी होते हे खरे. पण धूर झोंबत नाही म्हणून माणूस अधिक झुरके घेतो व थोटकापर्यंत ओढतो, त्यामुळे तो फरकही पुष्कळसा भरून निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण संकेतावलीच्या (२००३) अकराव्या अनुच्छेदात ‘हलके’, ‘सौम्य’, ‘कमी डांबराचे’ अशा फसव्या वर्णनांचा नामनिर्देश करून ती वेष्टनांवर येऊ नयेत यासाठी उपाय योजण्यास सांगितले आहे. भारताने या संकेतावलीस फेब्रुवारी २००४ मध्ये संमती दिली. चिरुटांच्या व्यापारात सौम्य, मध्यम व तीव्र ही वर्गवारी चवीची खूण म्हणून तोंडी चालूच आहे. तिचा उगम कारागिरांच्या बोलीत असून जाहिरातदारांनी ती पुढे उचलली.

आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावरील श्रीकाकुलम व विशाखापटनम् या भागांत कष्टकरी स्त्रिया ‘चुट्टा’ हा जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात. वाऱ्यात तो विझत नाही व राख कपड्यांवर पडत नाही, ही या उलट्या रीतीची कारणे सांगितली जातात. तिच्यामुळे टाळूचा कर्करोग होतो. अन्यत्र क्वचितच आढळणारा हा रोग त्या भागात वैद्यकीय अभ्यासाचा विषय झाला आहे.

साठवण : चिरूट हा आर्द्रतेला संवेदनशील असतो. सु. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत तो लवचिक राहतो. कमी आर्द्रतेत वेष्टन तडकते, अधिक आर्द्रतेत बुरशी धरते. देवदाराच्या अस्तराची, ओल्या स्पंजाची पेटी हा थंड व कोरड्या देशांतला उपाय आहे. कोकण किनाऱ्यावर, डहाणू-बोर्डीपासून खाली गोव्यापर्यंत, पावसाळ्याचे चार महिने हवाच त्याहून दमट असते. तेथे पेटीत पाणी घालण्याची नव्हे, तर ओल शोषून घेण्याची सोय करावी लागते. उन्हाळ्यात तापमान २५° से.च्या वर राहिल्यास तंबाखूत राहिलेली भुंगेऱ्याची अंडी उबतात आणि अळ्या वेष्टनाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पाडतात. अशी पेटी हाती आल्यास भोके नसलेले चिरूट वेगळे काढून काही दिवस गोठणपेटीत ठेवतात.

डहाणू व तलासरी : पालघर जिल्ह्याच्या (१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा) उत्तर टोकाचे हे दोन तालुके उंची चिरुटाचे क्षेत्र नव्हेत. तथापि पानातच तंबाखू गुंडाळून ओढण्याची, म्हणजे चिरुटाच्या मूळ कल्पनेशी जवळची, रीत तेथील आदिवासी जीवनात रुजलेली आहे. त्यामुळे सौम्य व उंची या कल्पना समाजात कशा ठरतात, हे पाहण्यास हा प्रदेश उपयुक्त आहे.

या तालुक्यांत वारली बहुसंख्य असून धोडिया, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी व दुबळा हेही आहेत. शेतावर, चिकूच्या वाडीत वा वीटभट्टीवर कामाच्या मधल्या विसाव्यात ओढली जाते ती विडी. रानातले आपट्याचे किंवा टेंभुर्णीचे पान घेऊन त्यात चिमूटभर तंबाखू घालून ती जागच्या जागी वळतात. पाहुण्यापुढे तंबाखू ठेवणे हा आदरातिथ्याचा भाग समजला जातो. आपट्याचे पान जोडपाकळीचे, मध्ये चिरलेले असते. दसऱ्याला उभा महाराष्ट्र जे सोने म्हणून वाटतो तेच हे. मोहरीच्या काडीएवढ्या दोऱ्याने वा नुसत्या दुमडीने ते टिकते. गुजरातेतही प्रथम याच जातीची पाने विडीसाठी वापरली जात. १८९९ च्या दुष्काळानंतर तेथील काही व्यापारी जबलपूरकडे गेले व त्यांना टेंभुर्णीचे पान अधिक सोयीचे आढळले; ते मोठे, मऊ, न फाटता वळणारे आणि संथ जळणारे आहे. त्यानंतर व्यापारी विडीत आपट्याचे पान मागे पडले, घरगुती विडीत राहिले. ब्रह्मदेशात पांढऱ्या चिरुटाला भोकराच्या वर्गातील झाडाचे पान लावतात. स्थानिक रानातले पान तंबाखूला लावण्याची ही प्रवृत्ती अशी दूरवर आढळते.

विडीत तंबाखू जेमतेम ०.२ ग्रॅ. असते. पण पान सच्छिद्र नसल्यामुळे ती विझू नये म्हणून जोराने व वरचेवर ओढावी लागते. परिणामी तिच्या धुरातून शरीरात जाणारे निकोटीन व डांबर सिगारेटच्या तुलनेने कमी नसून अधिकच असते. ती रानातल्या पानाची, ‘नैसर्गिक’ असल्याने अपाय कमी, ही समजूत उंची चिरुटाच्या सौम्यपणाविषयीच्या समजुतीचीच दुसरी बाजू आहे. फरक असा की चिरूट ओढणाऱ्याला वैद्य जवळ असतो. तलासरीच्या पाड्यावरील मजुराच्या तोंडातील पांढरा चट्टा दिसून येईपर्यंत पुष्कळ काळ लोटलेला असतो.

या प्रदेशात धूम्रपानाविरुद्धची एक जुनी परंपराही आहे. डहाणू, घोलवड व बोर्डी येथील चिकूच्या वाड्या वाढविण्यात इराणी व पारशी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. जरथुश्त्री धर्मात अग्नी पवित्र असून तो मुखाच्या संसर्गाने भ्रष्ट होऊ नये असा दंडक आहे. म्हणून परंपरानिष्ठ पारशी धूम्रपान वर्ज्य मानतात. तलासरीच्या सरहद्दीपलीकडे, गुजरातेत, संजाण हे पारशांच्या आगमनाशी निगडित असलेले बंदर आणि उदवाडा येथील इराणशाह अग्निमंदिर आहे. तेव्हा मळ्याचा मालक व चिरूट ही इतरत्र नित्य दिसणारी जोडी येथे सरसकट लागू करता येत नाही.

दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत टेंभुर्णीच्या पानांचा स्पष्ट उल्लेख असून ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना मिळाला आहे. घरच्या विडीपुरते पान तोडण्यावर वनरक्षकाने हरकत घेण्याचे दिवस त्यामुळे कायद्यापुरते तरी संपले.

कामगार : उंची चिरूट असो वा विडी, वळण्याचे काम हातानेच होते आणि मजुरी नगावर मिळते. महाराष्ट्रात सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सोलापूर, कामठी, भंडारा व गोंदिया ही विडीची केंद्रे असून वळणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. विडीची तंबाखू मुख्यतः गुजरातेतील चरोतर व सीमाभागातील निपाणी येथून येते. निपाणीला १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केले व एप्रिलमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. पान सुकविताना व चाळताना उडणारी धूळ आणि ओल्या पानातून कातडीवाटे शरीरात शिरणारे निकोटीन यांचा त्रास धूम्रपान न करणाऱ्या कामगारालाही होतो.

संसदेने १९६६ मध्ये केलेल्या विडी व चिरूट कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियमाने दोन्ही व्यवसायांना एकच कायदा लावला. कामाचे तास, सुट्या, प्रसूतीचे लाभ आणि विशेषतः मालकाने ‘खराब’ म्हणून विड्या बाजूला काढण्यावरील मर्यादा हे त्यातील महत्त्वाचे भाग होत; अशा नाकारलेल्या मालाची मजुरी बुडविणे ही जुनी तक्रार होती. १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा वेगळा कायदा झाला. त्यासाठीचा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाला. १९६६ च्या अधिनियमातील विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आले. विक्रीच्या बाजूने २००३ चा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा चिरूट, विडी व सिगारेट यांत भेद करीत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे.

१९४५ मध्ये तलासरी, डहाणू व उंबरगाव (१९६० पासून गुजरातेत) या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचे नाव सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीला दिलेले आहे. उठावाचा वृत्तांत त्यांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात आला असून त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.